माधोभाऊनं भरलेला दंड

रेंजर साहेब, लालसूदादा, राधावहिनी, नवे गुरुजी, अन् जमलेल्या भाऊ-बायांनो,

मले भाषण येत नाई. मी जंगल खात्याच्या बंगल्याचा खानसामा. आयुष्यभर साहेब लोकायले वाढत आलो, अन् वाढणारा माणूस बोलत नसते. पण वहिनी म्हणाल्या, "रहमानभाऊ, तुमीच बोला. आमच्या घरच्यायच्या दंडाचा तो दिवस तुमी डोळ्यानं पाहिला." वहिनीचं म्हणणं कसं टाळू?

जंगलाची राखण करणारे आपले माधोभाऊ नाकेदार गेले. तीन दिवस ताप, अन् चौथ्या दिवशी माणूस नाई. आठ दिवस झाले, तरी सकाळी मी दोन कपांचंच पाणी चुलीवर ठेवून राह्यलो. दुसरा कप कोणाले देऊ, सांगा?

माधोभाऊ मार्कंड्याकडचे, वैनगंगेच्या काठच्या धानवाल्या घरचे. इकडं एटापल्लीकडे बदली झाली तवा त्यायच्या आईनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. हे तेच सांगायचे अन् हासायचे. कामात मात्र कडक. सरपणाच्या मोळीत एक हिरवी काडी दिसली, का मोळी खाली! बाया लय शिव्या द्यायच्या. काऊन वो बायांनो, द्यायच्या का नाई? हासा, हासा. त्यायले आवडलं असतं.

आता तो दिवस सांगतो.

साता समुद्रापारून एक साहेब आला होता. बऱ्याच मुलखांतल्या लोकायनं मिळून जंगल अन् जनावरं वाचवासाठी एक मंडळी काढली, तिचा हा माणूस. मुलखामुलखातलं जंगल पाहे, अन् तिथल्या सरकारले आपलं मत लिहून दे. स्वराज्य आलं होतं, सरकार आपलंच होतं, पण नागपूरच्या कागदात आपलं जंगल साफ बंद कराचं घाटत होतं. गुरं नाई, मोहा नाई, सरपण नाई. लालसूदादाचं गाव उचलून दुसरीकडे. साहेब काय लिहिते, त्यावर सारं होतं. मी चहा देता देता ऐकलं, माधोभाऊनंही ऐकलं. त्या दिवशी ते जेवले नाई. मले म्हणाले, "रहमानभाऊ, मी कडक राह्यलो तो झाडासाठी. गाव उठवासाठी नाई."

दुसऱ्या दिवशी साहेब गावात जाणार होता. पाहुण्यापुढं काय ठेवाचं? उन्हाळा होता, चारं पिकाले लागली होती. गुरुजी, तुमी नवे आहा म्हणून सांगतो, चार म्हणजे ते काळं फळ, ज्याच्या पोटात चारोळी असते. माधोभाऊनं ओंजळभर तोडली, एक चाखून पाहिलं, अन् पळसाच्या द्रोणात भरली. गावच्या मांडवात तो द्रोण मी साहेबापुढं ठेवला.

लालसूदादा उठून उभा राह्यला. गावचा भुमिया तो, देवाचा मान त्याचा. त्यानं विचारलं, "हे कोणी तोडलं?"

अन् मंग माह्या ध्यानात आलं. पंडुमचा सण व्हायचा होता! फळ पुरं पिकल्याशिवाय, पंडुमच्या दिवशी देवाले अन् पूर्वजायले पहिली मूठ दिल्याशिवाय, या गावात चाराले कोणी हात लावत नाई. लेकरू लावत नाई. अन् नाकेदारानं लावला! पाहुणचाराच्या घाईत माणूस विसरून गेला.

माधोभाऊ म्हणाले, "दादा, मी तोडलं. मीच चाखलं."

"मंग दंड."

"हाव, दंड."

रेंजर साहेब, माफ करा, पण तुमचं तोंड पाहासारखं झालं होतं! सरकारी माणसाले गाव दंड करते, अन् तेही परक्या साहेबापुढं? माधोभाऊनं खाकी टोपी काढली, मांडवात खाली बसले, अन् एक कोंबडा, एक नारळ कबूल केला. कोंबडा बंगल्यावरून गेला. साहेबाच्या रश्शासाठी ठेवलेला होता तो. साहेबानं त्या दिवशी वरण-भात खाल्ला.

रेंजर साहेबायनं त्याले सारं इंग्रजीत समजावून सांगतलं. साहेबानं द्रोणातली चारं निरखून पाहिली. मंग त्यानं एकच विचारलं, "नाकेदार नसला, तरी हा नियम चालते का?"

लालसूदादा हासला. म्हणाला, "नाकेदार येवाच्या आधीपासून चालून राह्यला. आज तं नाकेदारावरच चालला."

साहेबानं वही काढली अन् तिथीच लिहाले बसला.

पुढच्या साली हुकूम आला. गावामागच्या पहाडीवर लाकडाच्या ठेकेदाराची कुऱ्हाड बंद. गाव जागच्या जागी. मोहा, चार, सरपण गावाचं. वणवा अडवाची जाळरेषा साफ कराचं काम गावच्याच माणसायले. आज त्या पहाडीवर जाऊन पाहा, चाराची नवी झाडं उभी आहेत. साहेबाचं पत्रही आलं होतं. त्यायच्या मंडळीच्या सभेत, कुठच्या कुठच्या मुलखांतल्या लोकायपुढं, त्यानं आपल्या पंडुमची गोष्ट सांगतली. माधोभाऊनं ते पत्र माह्या हातात दिलं. मले वाचता येत नाई, तरी मी लय वेळ धरून बसलो होतो.

आता एक गोष्ट, जी मी आजवर पोटात ठेवली. त्या दिवशी चाखणारे माधोभाऊ एकटे नव्हते. द्रोण नेता नेता एक चार मीही तोंडात टाकलं होतं. माधोभाऊनं पाहिलं होतं. दंडाच्या वेळी त्यायनं माह्याकडे एकदा पाहिलं, अन् म्हणाले, "मीच चाखलं." मी चूप राह्यलो. लालसूदादा, मी आज कबूल करतो. कोंबडा आणला आहे, त्या खांबाले बांधला आहे.

पंडुम येत्या आठवड्यात आहे. सभेच्या आधी लालसूदादा मले म्हणाला, या साली पूर्वजायच्या पहिल्या मुठीवर माधोभाऊचं नाव घेणार. बाहेरून आलेल्या माणसाचं नाव तिथी आजवर कोणी घेतलं नाई.

वहिनी, ऐकलं ना? त्या साली माधोभाऊनं साऱ्यायच्या आधी खाल्लं, म्हणून दंड भरला. या साली साऱ्यायच्या आधी त्यायलेच देणार. आता कोणी दंड मागणार नाई.

वहिनी, तुमी बसूनच राहा. बाकीचे उठा, भाऊ-बायांनो. माधोभाऊसाठी थोडा वेळ आपण चूप राहू, जंगलाले बोलू देऊ.