शॉर्ट-कॉलवरचा बाप

...नाही, तुम्हीच सांगा, आंघोळीलासुद्धा फोन न्यायचा? न्यायचा! प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून साबणाशेजारी ठेवायचा, डोळ्यांत फेस गेला तरी एक डोळा त्याच्यावर, बायकोनं मिक्सर लावला की आपण ओरडायचं, "बंद कर, ऐकू येणार नाही!" कारण नियमच तसा आहे हो... फोन वाजला की दोन तासांत हजर!

तुम्हाला सांगतो, मी वैमानिक. लोकांना वाटतं रोज उडतो. कुठला उडतोय! आमच्याकडे दर महिन्याला ड्युट्या वाटतात त्या ज्येष्ठतेनं. आधी लागलेले आपल्या पसंतीच्या फेऱ्या उचलतात, आणि यादीच्या तळाला जे उरतात (माझ्याखाली चारच आहेत, त्यातला एक पाय मोडून घरी!) त्यांना रिझर्व्ह. म्हणजे कोणी आजारी पडला, कोणी कुठे अडकला, की त्याच्या जागी आपण पळायचं. त्यातही लाँग-कॉल असेल तर बारा तास आधी सांगतात, जरा माणसासारखं जगता येतं. पण शॉर्ट-कॉल? फोन वाजला की दोन तासांत हजर!

शेजारचे काका रोज विचारतात, "काय, सुटी वाटतं?" मी म्हणतो, "नाही, ड्युटीवर आहे." "घरी?" "घरी." मग ते माझ्याकडे असं बघतात, की नोकरी गेलीय आणि पोरगा सांगायला लाजतोय!

बरं, अकरा दिवस फोन नाही. एकसुद्धा नाही! आणि बाराव्या दिवशी माझ्या मुलीचं नाटक. नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती झाड झाली, तेव्हा मी आकाशात. त्याआधी ससा झाली, तेव्हा मी परगावी हॉटेलात. यंदा पहिल्यांदा तिला वाक्य मिळालेलं. दीपगृहाची राखणदार! "घाबरू नका, दिवा चालू आहे!" एवढंच, पण महिनाभर घरात दुसरं काही ऐकलं नाही आम्ही. आणि आदल्या संध्याकाळी शेड्यूलिंगवाली बाई, आवाजात नुसती साखर, "सर, उद्याचा तुमचा लाँग-कॉल होता ना, तो शॉर्ट-कॉल केलाय हं! सहा ते सहा." मी म्हटलं, "अहो, पण उद्या माझ्या मुलीचं नाटक..." "अय्या, हो? ऑल द बेस्ट सांगा तिला!"

मुलगी दारातच उभी. "बाबा, फोन आला तर?" म्हटलं, "येत नाही गं, अकरा दिवस आला का?" ती फक्त "बरं" म्हणाली आणि आजोबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, खोलीत जाऊन काहीतरी कुजबुजत बसली. मला वाटलं, वाक्य पाठ करतेय.

तर दुसऱ्या दिवशी मी शाळेत, युनिफॉर्म घालून, बॅग पायाशी, दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची. सासरे मागे, गुडघे दुखतात म्हणून दाराजवळ. अकरा वाजता नाटक. अकराला सुरू झालं काय? प्रमुख पाहुण्यांचं भाषण! "मला फक्त दोनच शब्द बोलायचेत..." आणि सात मिनिटं झाली, आणि माझ्या मुठीत फोन थरथरला. शेड्यूलिंग!

आता बघा, पंधरा मिनिटांत उलटा फोन केला तर चालतो, नाही केला तर नोंद. माझी एक नोंद आधीच झालेली. दुसरी झाली की चौकशी, आणि मग यादीतून नावच... जाऊ दे. मी ठरवलं, चौदा मिनिटं काढायची, वाक्य ऐकायचं आणि पळायचं. पण पाहुणे बालपणातून कॉलेजात येईनात हो! पाच मिनिटं... नऊ... बारा... तेराव्या मिनिटाला पडदा उघडला, वादळ, लाटा, बोटीवरची मुलं किंचाळतायत, हिचा पत्ता नाही. चौदा! विंगेत तिचा पिवळा कंदील दिसला, आणि मी उठलो. बॅगेसकट. तुम्हाला सांगतो, इतकं जड काही मी आयुष्यात उचललं नाही.

बाहेर येऊन फोन लावला, दम लागलेला, "हॅलो, निघालोच मॅडम, कुठली फ्लाइट?" तर ती म्हणते, "फ्लाइट नाही सर! आज गरज नाही, तुम्हाला मोकळं केलंय, तेच सांगायला फोन केला होता. एन्जॉय!"

आणि आतून टाळ्या.

धावत आत गेलो, तर माझ्या खुर्चीत सासरे! दोन्ही हात वर करून टाळ्या पिटतायत, आणि स्टेजवरून ती त्यांच्याकडे बघून हसतेय. मला रडू यायचंच बाकी होतं, आलंही थोडं.

गाडीत विचारलं, "मी उठलो ते दिसलं?" "हो." "मग... वाक्य?" "म्हटलं की! आजोबांना कालच सांगून ठेवलं होतं, बाबा उठला की लगेच त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. खुर्ची रिकामी दिसली असती ना, तर मी विसरले असते." रागावून नाही हो, अगदी शहाण्यासारखं, ड्युटी लावल्यासारखं! आणि सासरे मागून म्हणतात, "तुमचं बरंय जावईबापू, दोन तास मिळतात. मला दोन मिनिटांत हजर व्हायचं होतं!"

पुढच्या वर्षी म्हणे आजोबाच थेट दुसऱ्या रांगेत. मी मागे, दाराजवळ, रिझर्व्हला... लागलो तर.

कंपनीत निदान माझ्याखाली चार जण तरी आहेत.