सकिनाची अम्मी घरी आली तेव्हा

आमच्या ऋतूला फार अंधुक दिसतं, तुम्हाला माहीतच आहे. साध्या शाळेत घेतलं खरं, पण हेडमिस्ट्रेसनं बजावलेलं, "दुसऱ्या पालकांची तक्रार आली, तर विचार करावा लागेल." तेव्हापासून शाळेचा फोन मी देवाचं नाव घेऊनच उचलतो.

परवा शिफ्ट संपवून संध्याकाळी घरी आलो, तर सोफ्यावर सकिनाची अम्मी. सकिना ऋतूच्या शेजारी बसते, फळ्यावरचं तिला वाचून दाखवते. अम्मीचा चेहरा उतरलेला. म्हटलं, खलास!

"भाऊ, तुमच्या पोरीपायी माझ्या पोरीचा अभ्यास बुडतोय."

मी हातच जोडले. "भाभी, शाळेत सांगू नका. ऋतूला दुसरीकडे बसवायला सांगतो."

"शाळेत कशाला सांगू? माझीच पोर पकडली जाईल! ऋतूला एवढंच सांगा, सकिनाची गणितं सोडवून देऊ नको. आमची बया घरी साधी बेरीज करत नाय."

मी ऋतूकडे वळलो. हातातला टोस्ट चहात बुडवत ती म्हणाली, "पप्पा, शी रीड्स, आय सॉल्व्ह. व्हॉट्स द प्रॉब्लेम?"