गजाचे ठोके

तंत्रज्ञ: म्हणजे मिशीमुळे नाही, काका. मिशीपाशी मास्कमधून हवा गळत असती तर या आलेखावर लाल रेघ उमटली असती. इथं लाल काहीच नाही.

क्रेनचालक: मग नाकाचं असेल. कोरडं पडतं माझं नाक. लाकूड होतं अगदी.

तंत्रज्ञ: श्वासाच्या मशीनची पाण्याची टाकी भरता ना रोज झोपताना?

क्रेनचालक: भरतो. तुम्ही सांगितलंत तेच, डिस्टिल्ड पाणी. बॅटरीत घालतात ते. दुकानदारानं विचारलं, गाडी कुठली घेतली म्हणून. आता त्याला काय सांगू, नाकात घालायला हवंय?

तंत्रज्ञ: टाकी भरलेली असेल तर नाक कोरडं पडायचं कारण नाही.

क्रेनचालक: मास्कचा पट्टा काचतो. हे बघा, कानामागे.

तंत्रज्ञ: बघितलं. वळ आहे खरा, पट्टा सैल करून देते. पण काका, काचणाऱ्या पट्ट्याला घड्याळ कळत नाही. दहाव्या रात्री मशीन बंद झालं तीन वाजून दहा मिनिटांनी. अकराव्या रात्री तीन अकरा. काल तीन नऊ. नऊ रात्री सलग, त्याच वेळेला.

क्रेनचालक: वीज जात असेल.

तंत्रज्ञ: वीज गेली तर तसं नोंदलं जातं. झोपेत मास्क ओढून काढला तर गळती नोंदली जाते. इथं दोन्ही नाही. कुणीतरी शांतपणे बटण दाबून मशीन बंद केलंय.

क्रेनचालक: सगळंच लिहून ठेवतं का हे?

तंत्रज्ञ: त्यासाठीच तर तुमच्या डॉक्टरांनी ते द्यायला सांगितलंय.

क्रेनचालक: यार्डातला एक जण म्हणाला होता, मास्क उशीला बांध, मशीन चालू ठेव, आणि तू खुशाल घोरत पड. त्याच्या मेव्हण्यानं केलं होतं म्हणे.

तंत्रज्ञ: उशी श्वास घेत नाही, काका. तेही दिसतं.

क्रेनचालक: मी तसलं काही केलं नाही.

तंत्रज्ञ: माहीत आहे. म्हणून तर फोनवर न बोलता घरी आले. फसवणारा माणूस तुमच्यासारखा साडेतीन तासांवर थांबत नाही, चार पुरे करतो. आता नीट ऐका. तीस रात्रींपैकी एकवीस रात्री, प्रत्येक रात्री निदान चार तास, हा नियम. अठरा रात्री झाल्या. पहिल्या नऊ उत्तम, सहा-सहा तास. पुढच्या नऊ वाया. उरल्या बारा. नऊ आणि बारा, नेमक्या एकवीस. यापुढे एक रात्र जरी चुकली तरी डॉक्टर तुमच्या क्रेनवर परतायच्या कागदावर सही करणार नाहीत.

क्रेनचालक: आणि मी फाटकावर बसून ट्रकांचे नंबर लिहीत राहीन. निवृत्त होईपर्यंत. कळतं मला.

तंत्रज्ञ: किती राहिली नोकरी?

क्रेनचालक: दोन वर्षं चार महिने. अठ्ठावीस वर्षं क्रेनवर काढली, बाई. चाळीस मीटर वर केबिन. सकाळी शिडी चढलो की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी आणि चार काचा. आणि त्या दिवशी साडेअकरा टनांचा बोजा हुकाला लटकलेला असताना माझे डोळे मिटले. चार मिनिटं. नशीब म्हणायचं, खाली कुणी नव्हतं.

तंत्रज्ञ: नशीब नव्हे, तुमचा सिग्नलवाला. फाइलमध्ये आहे ते. त्यानं शिट्ट्या फुंकून सगळ्यांना बाजूला केलं.

क्रेनचालक: तो चोख माणूस. वीस वर्षं त्याच्या हाताकडे बघून काम केलं. बोलणं नाही काही. पंजा वर, उचल. मूठ मिटली, थांब. वर बसणाऱ्याला खालच्याचा हात दिसला की पुरतं.

तंत्रज्ञ: मग इतकं सगळं टांगणीला लागलेलं असताना तीनला उठून बटण का दाबता?

क्रेनचालक: चहा घेणार तुम्ही?

तंत्रज्ञ: नको. घरी आणखी कोण असतं?

क्रेनचालक: बायको. तिचं शिवणाचं दुकान आहे, गल्लीच्या तोंडाशी. येईलच आता जेवायला.

तंत्रज्ञ: त्यांना मशीनचा त्रास होतो का? आवाजाचा, हवेचा?

क्रेनचालक: ती इथं झोपत नाही. पलीकडच्या खोलीत झोपते. मुलीची खोली होती ती. मुलगी लग्न होऊन गेली, आणि त्याच पावसाळ्यात हिला सर्दी झाली. मला लागण नको म्हणून चार दिवस तिकडे गेली. चौदा वर्षं झाली. बरीच चिवट सर्दी.

तंत्रज्ञ: घोरण्यामुळे?

क्रेनचालक: तिनं तसं कधी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. तिची गादी तिकडे गेली, मग कपाट गेलं, मग शिवणयंत्र. बोलणंही तसंच कमी होत गेलं. भांडण नाही हं काही. डबा भरलाय, बिल भरलं, मुलीचा फोन होता. एवढ्यात दिवस निघतो.

तंत्रज्ञ: काका, मी विचारलं ते तीन वाजताचं.

क्रेनचालक: तेच सांगतोय. तुम्ही म्हणालात ना, माझा श्वास तासाला चाळीस वेळा अडायचा?

तंत्रज्ञ: एकेचाळीस. मशीन लावल्यावर तीन.

क्रेनचालक: ते तुम्हाला या वर्षी कळलं. तिला चौदा वर्षांपूर्वीच कळलं होतं. घोरणं चालू असेपर्यंत ठीक, मध्येच थांबलं की ती भिंत ठोकायची. कापड मोजायचा लाकडी गज असतो ना तिचा, तो उशाशी ठेवते. मधली भिंत एकच, माझं डोकं या बाजूला, तिचं त्या. ठक् झालं की मी दचकून श्वास घ्यायचो.

तंत्रज्ञ: दर रात्री?

क्रेनचालक: दर रात्री. पुढं पुढं मला कळायला लागलं तिचं. एक ठोका म्हणजे कुशीवर वळा. दोन म्हणजे श्वास घ्या. तीन म्हणजे रागावलीय. कधी फार हलका ठोका यायचा, नखानं वाजवल्यासारखा. तो मी समजायचो, जागी आहे, एवढंच. आमचं कामच सिग्नलवर चालतं. मला ती भाषा येते.

तंत्रज्ञ: आणि मशीन आल्यावर ठोके थांबले.

क्रेनचालक: पहिल्या नऊ रात्री मेल्यासारखा झोपलो. सकाळी अंग कसं हलकं. खोटं कशाला बोलू, तुमचं मशीन चांगलं आहे. दहाव्या रात्री तीनला जाग आली. भिंत गप्प. घर असं गप्प की वाटलं, ही आहे की नाही घरात? मग तिकडे पेल्याचा आवाज झाला. ती तीनला पाणी प्यायला उठते, नेहमीचं आहे. मी मास्क काढला. बटण दाबलं. म्हटलं, एवीतेवी जागीच आहे, तिची झोप काही मोडत नाही. उताणा पडून राहिलो. झोप कधी लागली कळलं नाही, पण थोड्या वेळानं आला.

तंत्रज्ञ: ठोका?

क्रेनचालक: दोन. श्वास घ्या.

तंत्रज्ञ: काका, आमच्याकडे येणारे निम्मे लोक एकटे राहतात. आपण घोरतो हेसुद्धा त्यांना ठाऊक नसतं. सांगणारंच कुणी नसतं. तुमचं मला कळतं. पण हे तुम्ही काकूंशी बोललात का?

क्रेनचालक: काय बोलू? म्हातारपणी हे बोलू? तुम्हीही तिला काही सांगू नका. आली बघा.

(दार लोटून पत्नी आत येते. गळ्यात मोजपट्टी तशीच आहे. ती पिशवी टेबलावर ठेवते आणि यंत्राकडे पाहते.)

पत्नी: बरं झालं तुम्ही आलात. बसा, बसा. ते मशीन बिघडलंय ना? मी फोनच करणार होते. पहिले नऊ दिवस एकदम व्यवस्थित चाललं, आणि मग काय झालं कोण जाणे, तीन वाजले की बंद पडतं.

तंत्रज्ञ: तुम्हाला कसं कळतं, काकू?

पत्नी: कळायला काय हवं? भिंतीला कान लावावा लागत नाही यांच्यासाठी. तीनला मी पाण्याला उठते, पडते परत, आणि दहाव्या मिनिटाला यांचं घोरणं सुरू. यांना विचारलं तर म्हणतात, चालतं की. बदलून द्या तुम्ही. वॉरंटी असेल ना?

तंत्रज्ञ: मशीन मी तपासलं. त्यात...

पत्नी: त्यात काय? बोला की. यांच्याकडे काय बघताय?

क्रेनचालक: मशीन चांगलं आहे.

पत्नी: मग?

क्रेनचालक: मी बंद करतो.

पत्नी: तुम्ही? कशाला?

क्रेनचालक: ठोका येत नाही.

पत्नी: कसला ठोका?

क्रेनचालक: तुझा. गजाचा.

पत्नी: त्यासाठी तुम्ही मशीन बंद करून पडता? श्वास अडावा म्हणून?

क्रेनचालक: तू जागीच असतेस त्या वेळेला.

पत्नी: जागी असते? अहो, त्या नऊ रात्री पाणी पिऊन पडले ती थेट सहाला उठले. नऊ रात्री! चौदा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, हे असं असतं तर झोपणं! नंतर तुमचं परत सुरू झालं, आणि मी तीनपासून उजाडेपर्यंत गज हातात धरून बसलेली. घोरताय का, थांबलात का, किती वेळ थांबलात. पंधरापर्यंत मोजायचं आणि ठोकायचं. परवा एका गणवेशाची बाही चार बोटं आखूड कापली मी. चौतीस वर्षांत झालं नव्हतं तसं. पोरीची आई समोर उभी, आणि मी बाहीकडे बघत बसले.

क्रेनचालक: बोलली नाहीस.

पत्नी: तुम्ही विचारलंत कधी?

क्रेनचालक: मला वाटायचं, एक ठोका म्हणजे कुशीवर वळा. दोन म्हणजे...

पत्नी: दोन म्हणजे काय?

क्रेनचालक: श्वास घ्या.

पत्नी: मी कधी मोजून ठोकलं नाही हो. श्वास येईपर्यंत ठोकायचे. कधी एकात यायचा, कधी पाचात. एकदा तर आलाच नाही, तेव्हा उठून दारापर्यंत आले होते. मग आला, तशीच परत गेले.

क्रेनचालक: आणि ते हलके? नखानं वाजवल्यासारखे?

पत्नी: हात दुखायचा. उजव्या खांद्यात भरून येतं माझ्या. शिवणकामाचा खांदा आहे तो.

क्रेनचालक: हां.

तंत्रज्ञ: काकू, दोष द्यायचा नाही कुणाला. बारा रात्री राहिल्यात. त्या पुऱ्या झाल्या तर काकांना त्यांचं काम परत मिळेल, आणि तुमची झोप तुम्हाला. त्यांनी मास्क काढायचा नाही, तुम्ही जागं राहायचं नाही. तो गज तुम्ही दुकानात नेऊन ठेवा, हे बरं.

पत्नी: नेते. कापड मोजायलाच आहे तो.

तंत्रज्ञ: काका?

क्रेनचालक: नाही काढणार. तो पट्टा तेवढा सैल करून द्या.

तंत्रज्ञ: झाला की. हे बघा, एक बोट जाईल एवढी जागा ठेवलीय. पुढच्या आठवड्यात मी परत येते. मशीनमधलं नोंदींचं कार्ड बघेन, पण कार्डाआधी तुम्हा दोघांना विचारेन. निघू?

पत्नी: जेवून गेला असतात.

तंत्रज्ञ: पुढच्या वेळी नक्की. येते, काकू. येते, काका.

पत्नी: जिन्यावर जपून, तिथला दिवा गेलाय. (तंत्रज्ञ जाते.) गेली बिचारी. उपाशीच गेली असेल. तुम्ही हात धुवा, मी वाढते.

क्रेनचालक: दारापर्यंत आली होतीस म्हणालीस. कधी?

पत्नी: झाली असतील सहा-सात वर्षं. थंडीचे दिवस होते.

क्रेनचालक: मला कळलं नाही.

पत्नी: कळेल कसं? झोपला होतात.

क्रेनचालक: भिंतीला तुझ्या बाजूनं काही झालं असेल ना? इतक्या वर्षांत?

पत्नी: पोपडे कधीच गेले. आता खळगा पडलाय. मधल्या बोटाचं पेर बसेल एवढा. त्याच्यावर कॅलेंडर लावते मी, पण गज लागून तेही फाटतं.

क्रेनचालक: मी बघितलेला नाही.

पत्नी: तुम्ही कशाला बघाल? आलात कुठं तिकडे?

क्रेनचालक: थोडं सिमेंट आणून भरून टाकतो. रविवारी. अर्ध्या तासाचं काम.

पत्नी: या रविवारी नको.

क्रेनचालक: का?

पत्नी: बारा रात्री होऊ द्यात आधी. मग भरा.

क्रेनचालक: तिला तर म्हणालीस, गज दुकानात नेते म्हणून.

पत्नी: म्हणाले.

क्रेनचालक: नेणार नाहीस?

पत्नी: नेईन. बारा रात्रींनी. तोवर असू दे उशाशी. वाजवणार नाही मी.