सरांची फिल्म कापली तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो त्या आपल्या ताई, आणि सहकारी बंधुभगिनींनो,

सूक्ष्मदर्शकावर जन्म काढलेल्या माणसाच्या हाती माईक दिलात, आता भोगा! मला बारीकसारीक दिसतं, बोलता येत नाही.

पाहुण्यांसाठी सांगतो. ताई आणि त्यांचे यजमान, म्हणजे आपले सर, लोखंड आणि सेलेनियमच्या अगदी पातळ फिल्म बनवायचे. खूप थंड केली की फिल्ममधून वीज विनाअडथळा वाहते. किती थंडी लागेल, हे स्फटिकाच्या घडणीवर ठरतं. लोखंडाच्या थरावरचे सेलेनियमचे अणू किंचित उंच बसले, तरी सगळा खेळ बदलतो. सरांची शेवटची फिल्म सगळ्यांच्या वरताण निघाली, तिला सगळ्यात कमी थंडी पुरली. ती बनवत होते त्या संध्याकाळी ताईंनी जेवायला हाक मारली, सर "आलो" म्हणाले, आणि फिल्म पुरी करून खुर्चीतच गेले.

तशी फिल्म पुन्हा कुणालाच जमली नाही. मग रीतच पडली, तुलनेसाठी आधी सरांची थंड करायची, मग आपली. दरवेळी त्याच तापमानाला तिच्यातला विजेचा अडथळा शून्यावर यायचा. खरं सांगू? अंगावर काटा यायचा. त्या खुर्चीत आजही कुणी बसत नाही.

मी किती वर्षं ताईंच्या मागे लागलो, "कापून आत बघू द्या ना!" पण कापली की हवा लागणार, आणि हवा लागली की फिल्म संपणार. "हात तर लावून बघ," ताई म्हणायच्या. परवा दुपारी मात्र स्वतःच डबी घेऊन आल्या. "मी गेल्यावर तू कापशीलच, मेल्या. माझ्यासमोर काप."

कापली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

पडद्यावर अणूंच्या ओळी उमटल्या. खालचा भाग आपल्या फिल्मसारखाच, साधा. मध्येच एक पुसट रेघ, आणि तिच्या वर सगळे अणू उंच बसलेले! म्हणजे सरांनी निम्म्यावर अणूंचा मारा अडवणारी झडप लावली होती आणि तेवढ्या वेळात अणू सावरले होते. आमच्यात झडप मध्येच लावणं म्हणजे पाप. आम्ही बापडे एका दमात फिल्म वाढवत राहिलो. "सर थांबले का असतील हो?" मी विचारलं.

ताईंनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मी हाक मारली ना रे. 'आलो' सांगायला ते दारापर्यंत आले होते. मला वाटायचं, माझ्या हाकेच्या घाईनंच त्यांचा जीव गेला."

काल सकाळी नवी फिल्म लावली. निम्म्यावर झडप बंद केली. किती थांबायचं, कुणाला ठाऊक? ताई दाराबाहेर गेल्या आणि त्यांनी हाक मारली, "अहो, जेवायला चला!"

आम्ही सगळे त्या खुर्चीकडे बघत राहिलो. कुणी हसलं नाही. ताई तिथेच उभ्या राहिल्या, उत्तर यावं तशा. मग हळूच म्हणाल्या, "उघड आता."

फिल्म थंड केली. सरांच्या फिल्मच्याच तापमानाला अडथळा शून्यावर आला. ताई तेव्हा कुठे रडल्या.

संयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर पोटात घाला. पलीकडे पानं वाढली आहेत. ताई, जेवायला चला. आणि "आले" म्हणून बसून राहू नका.