तीनशे बारा शून्यं

“बाई, तुम्ही फक्त तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलंत.”

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, एकोणीस वर्षांपूर्वी आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्तींनी मला सुनावलेलं हे पहिलं वाक्य.

घरच्या मंडळींसाठी सांगते. आम्ही कंपायलर बनवतो, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारा प्रोग्राम. त्याच्या कोडमध्ये तेव्हा तीनशे बारा वॉर्निंग, म्हणजे यंत्राच्या तक्रारी, येत होत्या : अमुक व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचा डबा, वापरताय खरं, पण त्यात आधी काही ठेवलंय का? मी नवी, उत्साही. एका दुपारी तीनशे बारा ठिकाणी शून्य ठेवलं. वॉर्निंग गायब! शाबासकी घ्यायला सरांकडे गेले, तर हे वाक्य. वर, “शून्यच का? सत्तेचाळीस का नाही?”

सगळी शून्यं काढायला लावली. मग कोड कागदावर छापून, प्रत्येक व्हेरिएबलपर्यंत येणाऱ्या वाटा बोटाने चालायच्या. म्हणून आम्ही त्यांना मागून ‘वाटाड्या’ म्हणतो. आज समोर म्हणते. सात महिने चाललो! तीनशे अकरा वॉर्निंग उगाचच्या निघाल्या. एक खरी होती. तिथे एका वाटेने कुणी काही ठेवतच नव्हतं. डब्यात आधीचा पडलेला कचराच आकडा म्हणून उचलला जाई. ग्राहकाचा तोच प्रोग्राम सकाळी बरोबर चाले, दुपारी चुके. माझ्या शून्याने तो रोज गुपचूप चुकला असता. ती ओळ लिहिली होती कुणी? सरांनीच. भर मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, “हा माझा गाढवपणा.”

वहिनी सांगतात, घरीही हेच. त्या रागाने “काही नाही” म्हणाल्या, की हे विचारणार, “खरंच काही नाही, की अजून सांगितलं नाहीस?”

सर, सोमवारपासून तुमच्या खुर्चीवर मी. भीती वाटते. आणि काल तुमचा कोडमधला शेवटचा बदल माझ्याकडे तपासायला आला. निघायच्या घाईत एका वॉर्निंगवर तुम्ही चक्क शून्य ठेवलंय! हसू नका कुणी. मी तो नामंजूर केलाय.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही अधिकउणं बोलले असेन तर पदरात घ्या. एकच विनंती. सर, सोमवारी दहाला या आणि त्या ओळीच्या सगळ्या वाटा मला बोटाने दाखवा. सात महिने लागले तरी चालतील.

वहिनी, इतक्यात नकाराची मान हलवू नका ना.