डाव्या बाजूची बकरी

सुधावयनी, इथं जमलेले सगळे भाऊ-बहीण, अन् अकोल्याहून खास आलेली खेळांची मंडळी. मले भाषण जमत नाई. जकात नाक्यावर नोकरी केलेला माणूस मी. मले फक्त विचारता येते. काय आणलं? कुठून आणलं? खाली काय दडवलं? मोर्शीचा ट्रक, नुसती संत्री आहेत म्हणलं तरी मी खालचा क्रेट उघडल्याशिवाय सोडत नव्हतो. आतापर्यंत सगळे मनोहरभाऊबद्दल चांगलं बोलले. मी त्या माणसावर संशय घेतला. तेच सांगायले उभा आहे.

काही जणांले माहीत नसन, म्हणून सांगतो. अकोल्यात बैठ्या खेळांचं संमेलन भरते. लहानसंच. एक हॉल, दोन दिवस, नवे बोर्डगेम अन् जुने पट. त्यात एक टेबल आमचं. मनोहरभाऊ सागवानी फळीवर वाघ-बकरीचा पट कोरत. मी रिटायर झालो अन् त्याईच्या सोबत बसू लागलो. ते गिऱ्हाइकाले खेळून दाखवत, मी पॅकिंग करत होतो.

त्याईची एक रीत होती. वाघ स्वतःकडं ठेवायचा, बकऱ्या गिऱ्हाइकाले द्यायच्या. अन् हरायचं. दरवेळी हरायचं! मी म्हणलं, "मनोहरभाऊ, हे तं फसवणं झालं." तं म्हणे, "फसवणं कायचं बावा? जिंकलेला माणूस पट घरी नेते. हरलेला म्हणते, पाहू पुढच्या साली."

झालं. माझ्या डोक्यात किडा घुसला. कारण दर रविवारी, इथं अमरावतीत, त्याईच्या ओट्यावर मीही जिंकत होतो. लय जिंकत होतो. घरी जाऊन बायकोले छाती फुगवून सांगत होतो. मंग ते काय होतं? मी सरळ विचारलं, "माझ्यासंगंबी मुद्दाम हरता का?" हसले. म्हणे, "तुमी कुठं पट इकत घेऊन राह्यले?" आता हे काही उत्तर झालं का? तुमीच सांगा.

गेलं वर्षभर मी त्याईच्यावर नजरच ठेवली. पट सरळ ठेवत नव्हते, उजवीकडं सरकवून ठेवत. मान वाकडी करून पाहत. पिशवीतल्या सोंगट्या मलेच मोजायले लावत. अन् हरणं वाढलं होतं. म्हणलं, दाल में काला आहे. हा माणूस माझी कीव करून राह्यला.

डिसेंबरचं संमेलन. दुपारी गर्दी पांगली. मी म्हणलं, या, एक डाव होऊन जाऊ द्या. आता पाहा, वाघानं बकरीवरून उडी मारली अन् पलीकडचं घर रिकामं असलं, की बकरी मेली. मी एक बकरी मुद्दाम तशी सोडली. त्याईच्या डाव्या हाताले, वाघाच्या तोंडापुढं. लहान लेकरानंबी खाल्ली असती. मनोहरभाऊनं पट पाहिला. चांगला वेळ घेऊन पाहिला. अन् वाघ दुसरीकडं नेला.

मी उठलो. सगळ्या हॉलसमोर ओरडलो, "मनोहरभाऊ, तुमी खोटे खेळता! मले भीक नाई पाहिजे!" ते सोंगट्या गोळा करू लागले. एक खाली पडली, तं चाचपडत बसले. मले तेबी नाटक वाटलं.

परत आलो ते वेगवेगळ्या बसनं. दोन महिने मी त्या ओट्यावर पाय ठेवला नाई. दोनदा त्याईचा फोन आला. उचलला नाई. मंग फोन आला तो वयनीचा. सकाळी चहा घेता घेता गेले होते मनोहरभाऊ.

परवा वयनीजवळ बसलो होतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, वर्ष झालं, त्याईले काचबिंदू होता. डावा डोळा पुरा गेला होता, उजव्यालेबी कडंचं दिसत नव्हतं."

अन् मी काय केलं, माहीत आहे? मी म्हणलं, "वयनी, डॉक्टरचा कागद आहे का?" दुखवट्याच्या घरात बसून मी कागद मागितला! त्या माउलीनं आणून दिला. मी चष्मा लावून तारीख पाहिली. लाज वाटते सांगायची, पण पाहिली.

मंग विचारलं, "मले काहून सांगतलं नाई?" तं वयनी म्हणाल्या, "तेच म्हणत होते, भाऊजीले सांगू नको. कळलं तं ते मुद्दाम हरतीन. मंग खेळण्यात काय राह्यलं?"

ऐकलं तुमी? त्याईलेबी माझा संशय होता. अन् बरोबर होता. वर्षभर तो माणूस माझ्यासंगं, दिसत नसतानी, जीव लावून खेळला अन् खरोखर हरला. त्या दुपारी त्या टेबलावर खोटा डाव एकच जण खेळला. ज्यानं बकरी जाणूनबुजून सोडली तो. मी.

वयनी, त्याईची माफी मागायची राहून गेली, म्हणून तुमची मागतो. आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका, अन् नंतर माझी समजूत काढायले येऊ नका. मनोहरभाऊ, रामराम घ्या जी.