गुड्रुन केक आणणार नाही

नाही, नाही आणणार. एस्बेनला जाऊन सांग, गुड्रुन नाही म्हणाली. त्यानंच पाठवलं ना तुला? — साहेब झाला म्हणून काय, स्वतः यायला काय झालं होतं, दोन टेबलं पलीकडे तर बसतो. बस गं मायकेन, उभी नको राहूस. तू नवीन आहेस, तुला वाटत असेल बाई भारीच हट्टी, एका केकवरून एवढं काय — ज्याची चूक त्यानं शुक्रवारी केक आणायचा, सगळ्यांनी हसत खायचा, विषय संपला. चांगली पद्धत आहे. मीसुद्धा आणलेत की. पण हा विषय मला संपवायचाच नाहीये.

झालं काय ते तरी सांगितलं का कुणी? — कोण सांगणार म्हणा. डुकरांच्या फार्मवरून एक ओळ येते: कप्पा कुठला, खाद्य किती किलो, औषध किती. आपला प्रोग्राम ती ओळ तोडतो आणि तुकडे खाद्याच्या यंत्राला देतो. मी अर्धविरामावर तोडत होते, सुखानं चाललं होतं. मग आयर्लंडचं गिऱ्हाईक आलं, त्यांच्या ओळीत स्वल्पविराम — तर एस्बेन म्हणाला, सगळ्यांना एकच नियम, आपल्या फार्मांनीही स्वल्पविरामच पाठवायचा, आपणही त्यावरच तोडायचं. अरे बाबा, ते लोक अडीच लिहिताना टिंब देतात, आपण डेन्मार्कात दोन लिहितो, स्वल्पविराम देतो, मग पाच. तुटलं तिथंच. दोन गेले खाद्यात, पाच गेले औषधात, औषधाचा खरा आकडा राहिला मागे, तो कुणी वाचलाच नाही. एकाच्या जागी पाच — टोर्किलच्या फार्मवरची पिल्लं सकाळपर्यंत मरून आडवी.

टाइप मी केलं, हो. नाव माझंच आहे तिथं. पण बैठकीत बोलले होते की नाही? — बोलले होते, सगळ्यांसमोर, आणि एस्बेन म्हणाला, बदल म्हटला की गुड्रुनच्या पोटात दुखतं. हसले सगळे. मग मीही केलं टाइप, तो म्हणाला तसं. का म्हणजे? — निवृत्ती जवळ आलीये, घरी वाट बघणारं कुणी नाही, इथून काढलं तर सकाळी उठून जायचं कुठं... ते सोड. ते तुला सांगायचं नव्हतं.

टोर्किलचा फोन मीच उचलला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता विचारत होता, उरलेल्यांना आता काय घालू. आणि इथं हे क्रीम चाटून मोकळे होणार.

पिशवीत ना? — केकच आहे. काल केला, स्ट्रॉबेरीचा, थर देऊन. काल हरले होते मी. सकाळी बसमध्ये मांडीवर घेऊन बसले आणि माझीच मला लाज वाटली. इथं तो कापायचा नाही. टोर्किलकडे नेतेय. त्याची माफी मागणार आहे, आणि कुणाच्या हुकमानं ओळ तोडली तेही सांगणार आहे, नाव घेऊन. काढू दे मग नोकरीवरून.

कोट दे तो इकडे. आणि खुर्ची घे बाजूला, मला जाऊ दे.